दोनशे बारा नंबरचा केसपेपर

वराळ्यातल्या आमच्या सोसायटीत राहायला येऊन दोनच दिवस झाले होते. खोकी अजून उघडायची होती, गॅस जोडायचा होता, आणि ‘स्वयंपाकघर’ असं ठळक लिहिलेल्या खोक्यातून मी नवऱ्याचे बूट बाहेर काढत होते. तेवढ्यात दार वाजलं. दारात एक उंच, किडकिडीत, साठी उलटलेले गृहस्थ उभे होते. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात तीन पेनं, हातात निळ्या पुठ्ठ्याची डायरी. नमस्कार नाही, ओळख नाही. त्यांनी डायरी उघडली, एका ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, “गुरुवारी संध्याकाळी सहा दहाला तुम्हाला काय होतंय?”

मी म्हटलं, काही होत नाही.

“विचार करून बघा,” ते म्हणाले. “बुधवारपर्यंत कळवलंत तरी चालेल. घसा, पोट, अंगावर पुरळ, काहीही. दात सोडून.”

आणि ते समोरच्या दाराकडे वळले. मी आत येऊन नवऱ्याला सांगितलं की या बिल्डिंगमध्ये एक वेडा माणूस राहतो. नवरा स्टुलावर चढून पंखा बसवत होता. तो म्हणाला, “एकच?”

तो माणूस म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचे सुधाकर टेंबे. आमचे टेंबेकाका. ते वेडे नव्हते हे कळायला मला फक्त आठ दिवस लागले, कारण आठव्या दिवशी माझ्या मुलीला ताप आला.

तळेगाव स्टेशनजवळ आमच्या डॉक्टर मॅडमचा दवाखाना आहे. ‘आमच्या’ हा शब्द मी आता छातीठोकपणे वापरते. तेव्हा तशी सोय नव्हती. तळेगावात दुसरे डॉक्टर नाहीत असं नाही, पायलीचे पन्नास आहेत. पण मॅडम पेशंटचं बोलणं पूर्ण ऐकून घेतात, पोटाला हात लावून बघतात, आणि उगाच चार तपासण्या न लिहिता दोन गोळ्यांत माणसाला उभं करतात. ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. तिकडे वराळ्यात बिल्डिंगांवर बिल्डिंगा उठत होत्या आणि इकडे मॅडमच्या पायऱ्यांवर गर्दी मावेना. शेवटी त्यांनी दाराबाहेर एक बोर्ड रंगवून घेतला.

त्या बोर्डाची पहिलीच ओळ अशी की नवीन पेशंट घेणे बंद आहे. म्हणजे आमची अख्खी सोसायटी पहिल्याच ओळीत गारद. जे जुने, केसपेपर असलेले पेशंट होते त्यांच्यासाठी खाली आणखी बरंच काही होतं. आठवड्याच्या सगळ्या अपॉइंटमेंट रविवारी सकाळी आठ ते नऊ या वेळात, फोनवरच मिळतील. वेळेच्या दहा मिनिटं आधी हजर राहावे. एका अपॉइंटमेंटवर एकच पेशंट आणि एकच तक्रार. एका केसपेपरला आठवड्यात जास्तीत जास्त चार अपॉइंटमेंट. आणि तीनदा न कळवता गैरहजर राहिल्यास नाव कायमचे बाद. तिथवर येईतो रंगाऱ्याची जागा संपली होती, त्यामुळे ‘सहकार्याबद्दल धन्यवाद’ इतकं बारीक लिहिलंय की ते वाचायला डोळ्यांची वेगळी अपॉइंटमेंट लागावी.

आमच्या अठ्ठावीस घरांच्या बिल्डिंगमध्ये या दवाखान्याचा केसपेपर फक्त एका माणसाकडे होता. टेंबेकाका मूळचे लोणावळ्याचे. नोकरीला लागले ते तळेगावच्या एका कारखान्यात, आणि पुढची तीस वर्षं स्टेशनजवळच्या दोन खोल्यांत राहिले. निवृत्त झाल्यावर वराळ्यात फ्लॅट घेतला आणि येताना सामानाबरोबर तो केसपेपरही आणला. नंबर दोनशे बारा.

कारखान्यात काका प्लॅनिंग खात्यात होते. कुठला माल कधी संपेल, कुठला आधी मागवून ठेवायचा, हे त्यांचं काम. त्यांच्या तीस वर्षांच्या नोकरीत एकदाही माल नाही म्हणून लाइन थांबली नाही, असं ते सांगायचे. पहिल्यांदा सांगायचे तेव्हा ऐकायला बरं वाटायचं. निवृत्तीनंतर त्यांच्याकडे मालही नव्हता आणि लाइनही. होत्या त्या फक्त आठवड्याच्या चार अपॉइंटमेंट. मग त्यांनी त्यांचाच साठा करायला सुरुवात केली.

“आजारी पडल्यावर अपॉइंटमेंट मागणं म्हणजे लाइन थांबल्यावर ऑर्डर देण्यासारखं आहे,” ते म्हणायचे. “आधी स्टॉक, मग आजार.”

हे सगळं सुरू झालं ते पहिल्या मजल्यावरच्या पवारांच्या बाळापासून. बाळ तापानं फणफणलं होतं आणि पवारवहिनी जिन्यात रडत होत्या. काकांची त्या दिवशी खोकल्याची अपॉइंटमेंट होती. ते बाळाला आणि वहिनींना रिक्षात घालून दवाखान्यात गेले, बाळ टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, “मॅडम, अपॉइंटमेंट माझी आहे. ताप याचा आहे.” एका अपॉइंटमेंटवर एकच पेशंट हा नियम बोर्डावर होता, तो कोणता, हे लिहायचं राहून गेलं होतं. मॅडमनी बाळाला तपासलं.

पण बाहेर शुभांगी बसलेली. शुभांगी म्हणजे दवाखान्याचं रजिस्टर, फोन, घड्याळ आणि कायदा. तिनं सांगितलं की अपॉइंटमेंट ज्या केसपेपरची आहे त्याच केसपेपरवर नोंद होणार, आणि ज्याचा केसपेपर आहे त्यानं स्वतः हजर राहायचं. दुसरं काही चालणार नाही. काका म्हणाले, मंजूर.

तिथून पुढे चार वर्षं आमची सगळी बिल्डिंग सुधाकर टेंबे या नावानं आजारी पडली.

त्या केसपेपरची हळूहळू फाइल झाली आणि फाइलचं गाठोडं. सहासष्ट वर्षांच्या टेंब्यांना त्यात दात येताना जुलाब झाले होते. एका सोमवारी त्यांचं वजन साडेसहा किलो होतं आणि गुरुवारी ब्याऐंशी. त्यांना तिसऱ्या महिन्यात उलट्यांचा त्रास झाला, पुढच्याच पानावर त्यांच्या डोक्यात उवा झाल्या, आणि शाळेच्या मैदानात पडून त्यांचं कोपर खरचटलं. घोटाळा होऊ नये म्हणून मॅडम प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात फ्लॅट नंबर लिहायच्या. पण एकदा मॅडम रजेवर गेल्या आणि बदली म्हणून एक तरुण डॉक्टर आला, त्याला हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं ती फाइल दहा मिनिटं वाचली. मग चष्मा काढला आणि टेंबेकाकांकडे पाहत अत्यंत आदरानं विचारलं, “काका, तुम्ही यातून वाचलात कसे?”

रविवारची सकाळ बघण्यासारखी असायची. पावणेआठला काका बाल्कनीत दोन फोन घेऊन बसायचे. आठच्या ठोक्याला दोन्ही बोटं एकदम. फोन लागला की शुभांगी विचारायची, तक्रार काय? तीही रजिस्टरात लिहावी लागे. म्हणजे पुढच्या आठवड्यात बिल्डिंगला काय होणार, हे रविवारी सकाळीच ठरवणं आलं. काकांचा त्यात चांगलाच अभ्यास होता. गणपतीनंतर पोटं दोन, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ताप एक, थंडी सुरू झाली की घसे. शनिवारी संध्याकाळी ते सोसायटीच्या गेटापाशी पाणीपुरीच्या गाडीजवळ उभे राहायचे. खायचे काही नाहीत, फक्त कोण कोण खातंय ते बघायचे.

माझं एकदा पोट बिघडलं. मी काकांकडे गेले. त्यांनी डायरीवर बोट फिरवलं.

“सहा दहा आहे, पण ते घशाचं आहे. पोट शुक्रवारी मिळेल.”

मी म्हटलं, काका, पोट शुक्रवारपर्यंत थांबणार नाही. त्यांनी बराच विचार केला आणि मग म्हणाले, ठीक आहे, पण शुभांगीसमोर खोका. मी वर्गात साठ मुलांना खोटं बोलू नका म्हणून सांगणारी बाई, त्या दिवशी दोन्ही हातांनी पोट धरून दवाखान्याच्या दारात खो खो खोकले. शुभांगीनं माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातांकडे पाहिलं, आणि रजिस्टरात ‘घसा’ या शब्दावर बरोबरची खूण केली.

अडचण यायची ती माल शिल्लक राहिला की. कारण अपॉइंटमेंट घेतली आणि गेलं नाही तर गैरहजेरी, आणि तीन गैरहजेऱ्यांना नाव बाद. काकांच्या दोन झाल्या होत्या. पहिली झाली ती ते एका रविवारी लोणावळ्याला चुलतभावाकडे गेले आणि सोमवारी परत येताना पर्यटकांच्या गाड्यांत एस.टी. तीन तास अडकली म्हणून. “भजी खायला आलेल्या लोकांनी माझी एक अपॉइंटमेंट खाल्ली,” असं ते पुढे वर्षभर सांगत होते. दुसरी झाली ती दवाखान्याचं घड्याळ सात मिनिटं पुढे होतं म्हणून. यावर काकांनी भांडण केलं नाही. त्यांनी आपलं घड्याळ सात मिनिटं पुढे केलं. मग आमचंही करायला लावलं. आजही आमच्या बिल्डिंगमध्ये सगळं सात मिनिटं आधी होतं, आणि माझी मुलगी शाळेत वेळेवर पोहोचते याचं श्रेय मी मुळीच घेत नाही.

म्हणून मग बुधवार संध्याकाळची ती फेरी. एखादी अपॉइंटमेंट गिऱ्हाइकाविना राहिली की काका दारोदार जायचे. सगळं ठीक आहे ना, असं लोक विचारतात. काका उलट, कुठे काही कमी आहे का ते शोधायचे. झोप लागते का, घास गिळताना दुखतं का, डावा कान बघा जरा. चांगला धडधाकट माणूस पाच मिनिटांत स्वतःची नाडी बघायला लागायचा. दुसऱ्या मजल्यावरचे पाटील रोज पहाटे पळायला जाणारे. काकांच्या गळी पडण्याला कंटाळून एकदा गेले, तर त्यांना साखर निघाली. तेव्हापासून बुधवारी लोक दार जरा लवकर उघडू लागले.

आणि मग माझ्या सासूबाई आल्या. सासूबाई पवन मावळातल्या. सगळं आयुष्य भाताच्या खाचरात गेलं, आणि गुडघा त्या खाचरातच कुठेतरी राहिला असं त्या म्हणायच्या. डॉक्टर या जातीवर त्यांचा विश्वास नाही. पण टेंबेकाका म्हणाले की गुरुवारची सहा दहा रिकामी आहे, नाव जाईल, आणि समोरच्या माणसाची अडचण आहे म्हटल्यावर सासूबाई लगेच उठल्या. आपण टेंबेभाऊंवर उपकार करतोय अशा थाटात त्या पहिल्या गुरुवारी गेल्या, आणि मग गुरुवार सहा दहा हा कायमचा गुडघ्याचा वार झाला.

दवाखान्यात वेळेवर गेलं तरी आत जायला अर्धा-पाऊण तास लागतोच. त्या बाकावर दोघं शेजारी बसायची. काकांच्या मांडीवर डायरी, सासूबाईंच्या मांडीवर भाकरीचा डबा, कारण वाट बघताना माणसाला भूक लागते हे त्यांचं मत. डब्यात दोन भाकऱ्या जास्तच असायच्या. सासूबाई घरी येऊन मला सगळा वृत्तांत द्यायच्या. एकदा त्यांनी काकांना सरळ विचारलं होतं की भाऊ, तुमी लगीन का न्हाई केलं. काका म्हणाले, शेड्यूलमध्ये बसलं नाही. मी हे ऐकून पोट धरधरून हसले. सासूबाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “हसायचं काय त्यात? ते काय हसत न्हवते.”

मला वाटतं आमच्यात तेवढ्या एकट्या सासूबाईंनीच त्या माणसाकडे नीट बघितलं होतं. आम्ही सगळे डायरीकडे बघायचो.

मागच्या डिसेंबरात आमची लिफ्ट बंद पडली. काका प्रत्येक मजल्यावर थांबू लागले. थांबायचे आणि भिंतीवरची पाण्याच्या टाकीची नोटीस वाचायचे. मी वीस वर्षं शाळेत शिकवतेय. मूल वाचतंय की वाचल्याचं सोंग करतंय, हे मला पाठमोरं बघूनही कळतं. तीन मजल्यांवर एकच नोटीस, आणि हा माणूस ती तिन्ही ठिकाणी मन लावून वाचतोय. मला कळलं होतं. तरी मी घाईत होते, हातात भाजी होती, आणि मी विचारलं नाही. याची मला अजून लाज वाटते.

त्या गुरुवारी सासूबाईंच्या एक्स-रेचं काय ते समजून घ्यायला मीही दवाखान्यात गेले. आम्ही तिघं आत गेलो. नियमाप्रमाणे दोनशे बारा हजर होते. कोपऱ्यातल्या स्टुलावर, भिंतीकडे तोंड करून, कारण गुडघा तपासताना बाईमाणसाकडे बघू नये. मॅडमनी एक्स-रे उजेडात धरला. मी प्रश्न विचारत होते, मॅडम उत्तरं देत होत्या, आणि सासूबाई दोघींकडेही बघत नव्हत्या. बाहेर लोक स्वेटर घालून बसले होते, आणि टेंबेकाकांचा पांढरा शर्ट पाठीला चिकटला होता.

सासूबाईंनी लुगडं गुडघ्यावरून खाली सोडलं. “डॉक्टरबाई, माजा गुडगा ऱ्हाऊ द्या,” त्या म्हणाल्या. “त्येला काय धाड भरलीय. ह्यांना आदी बघा.”

मॅडम वळल्या. टेंबे, काय होतंय, असं त्यांनी विचारलं. काकांनी मान हलवली आणि छातीवरचा हात खाली घेतला.

“आज गुडघा आहे, मॅडम. एका अपॉइंटमेंटवर एकच तक्रार.”

“कधीपासून होतंय?”

“दिवाळीपासून. चढताना फक्त.”

“दिवाळीपासून तुम्ही इथे, माझ्यासमोर, किती वेळा येऊन बसलात?”

प्रश्न विचारला होता रागानं. पण काकांना प्रश्न विचारला की उत्तर द्यायची सवय. त्यांनी डायरी उघडली आणि बोट फिरवत मोजलं. “एकतीस,” ते म्हणाले.

मॅडमनी हातातला एक्स-रे टेबलावर ठेवला. एकतीस वेळा आलात आणि एकदाही तोंड उघडलं नाहीत, असं त्या म्हणाल्या.

“स्टॉक नव्हता,” काका म्हणाले. “सगळ्या दिलेल्या होत्या.”

मॅडमनी त्यांना टेबलावर झोपवलं. मागचा रक्तदाब किती होता ते बघायला त्यांनी फाइल मागवली आणि मी पानं उलटायला मदत केली. आम्ही चार वर्षं मागे गेलो. पवारांचं बाळ सापडलं, पाटलांची साखर सापडली, माझ्या मुलीचा ताप, माझा घसा म्हणून लिहिलेलं पोट, सासूबाईंचा गुडघा तर पानोपानी. कोपऱ्यात १०२, २०४, ३०१. काकांचा फ्लॅट नंबर ३०३ होता, आणि तो एकाही पानावर नव्हता.

मॅडमनी स्वतः गाडी बोलावून त्यांना मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. माझा नवरा बरोबर गेला. हृदयाची एक नळी जवळजवळ बंद होती. ती दुसऱ्या दिवशी उघडली. आणखी आठवडाभर हा माणूस जिने चढला असता तर काय झालं असतं ते डॉक्टरांनी सांगितलं, आणि नवऱ्यानं ते मला पुन्हा सांगितलं नाही.

हॉस्पिटलात भेटायची वेळ संध्याकाळी पाच ते सहा, आणि एका वेळी एकच माणूस. पहिल्या संध्याकाळी आमच्या बिल्डिंगमधून एकवीस जण गेले आणि वॉचमननं सगळ्यांना गेटावरच अडवलं. तेव्हा सासूबाईंनी काकांची निळी डायरी ताब्यात घेतली. त्यांना अक्षरं लावून लावून वाचता येतं, पण घड्याळ पक्कं कळतं. एका तासाचे दहा-दहा मिनिटांचे सहा तुकडे पाडून त्या गुडघा ओढत दारोदार फिरल्या. गुरुवारला त्या बेस्तरवार म्हणतात. पाटलांच्या दारात उभ्या राहून त्यांनी विचारलं, “बेस्तरवारी पाच ईसला तुमाला काय काम हाय?” पाटील म्हणाले, काही नाही. त्या म्हणाल्या, मग लिवलं.

माझी पाळी शनिवारी आली. काका उशीला टेकून बसले होते, दाढी वाढलेली, नाकाला नळी. मी विचारलं, कसं वाटतंय. त्यांनी विचारलं, शुक्रवारच्या अकरा वीसला कोण गेलं?

शुक्रवारी अकरा वीसला घशाची एक अपॉइंटमेंट होती. कुणीच गेलं नव्हतं. जाऊन उपयोगही नव्हता. दोनशे बारा स्वतः हजर पाहिजे, आणि दोनशे बाराच्या नळीत तेव्हा डॉक्टर काम करत होते. फोन करून कळवायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. मी थाप मारायचा विचार केला, पण मला ते जमत नाही हे काकांना माहीत होतं. मी खोकले तेव्हा ते शेजारीच उभे होते.

“म्हणजे तिसरी,” ते म्हणाले. “नाव गेलं.”

मी म्हटलं, जाऊ दे ना काका, तुम्ही वाचलात हे महत्त्वाचं. दुसरे डॉक्टर बघू.

त्यांनी खिडकीकडे तोंड वळवलं. मग हळू आवाजात म्हणाले, “तुम्हाला दुसरे मिळतील हो. पण माझ्याकडे तेवढंच होतं द्यायला. आता बुधवारी मी कुणाच्या दारात काय म्हणून जाऊ?”

माझी दहा मिनिटं संपली होती. बाहेर जिन्यात पवारवहिनी पुढच्या पाळीसाठी उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, कसे आहेत. मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. त्यांना वाटलं, संपलं सगळं. त्याही रडायला लागल्या, आणि त्यात त्यांची चार मिनिटं गेली.

पंधरा दिवसांनी, गुरुवारी, आम्ही काकांना मॅडमकडे दाखवायला घेऊन गेलो. मॅडमनीच बोलावलं होतं. काका, मी आणि सासूबाई. डब्यात तीन भाकऱ्या जास्त. शुभांगीनं रजिस्टर उघडून आमच्यापुढे फिरवलं. दोनशे बारावर लाल रेघ होती. ती म्हणाली, मॅडमनी बोलावलं असेल, पण नियम तो नियम. आणि नवीन पेशंट बंद. असं म्हणताना तिचे डोळे भरले होते, पण रेघ सरळ होती.

काका लगेच उठायला लागले. तिचं बरोबर आहे, असं म्हणाले.

आवाज ऐकून मॅडम बाहेर आल्या. त्यांनी ते गाठोडं मागवलं, टेबलावर आपटलं आणि शुभांगीला विचारलं की गैरहजर कोण राहिलं? शुभांगी म्हणाली, टेंबे. मॅडम म्हणाल्या, या फाइलमध्ये चार वर्षांतलं टेंब्यांचं एक पान दाखव. शुभांगीनं दोन-चार पानं उलटली आणि फाइल मिटली. मॅडम म्हणाल्या, “ही बिल्डिंगची फाइल आहे. बिल्डिंग चार वर्षं दर आठवड्याला हजर आहे. टेंब्यांना मी गेल्या महिन्यात पहिल्यांदा तपासलं. ते नवीन पेशंट आहेत.”

शुभांगीनं बोर्डाकडे बोट दाखवलं. मॅडमनी टेबलावरचा मार्कर घेतला, बाहेर गेल्या आणि ‘नवीन पेशंट घेणे बंद आहे’ याच्यापुढे ‘एक सोडून’ असं लिहून आल्या. मग शुभांगीनं एक शेवटची कायदेशीर शंका काढली: बिल्डिंगच्या फाइलला हजर कोण राहणार? मॅडम म्हणाल्या, नेहमीचेच. पण मी त्यांना जिना चढायची परवानगी देईन तेव्हापासून.

शुभांगीनं लाल रेघेवर खोडरबर चालवून पाहिला, तो चालला नाही, म्हणून तिनं शेजारी ‘चालू’ असं लिहिलं. मग एक कोरा केसपेपर काढला. नाव. वय. वजन अठ्ठावन्न किलो. चार वर्षांत पहिल्यांदाच काकांचं वजन काकांइतकं भरलं. पत्ता. काका भराभर उत्तरं देत होते.

“जवळचे नातेवाईक?” शुभांगीनं विचारलं.

काकांनी दाराकडे मान वळवली आणि काचेतून दिसणारा बाहेरचा बोर्ड वाचू लागले. तो बोर्ड त्यांना धन्यवादापर्यंत पाठ आहे. लोणावळ्याचा चुलतभाऊ वर्षापूर्वीच गेला होता. पेन थांबलं होतं, आणि काका वाचत होते. मी पुन्हा पाठमोऱ्या माणसाकडे बघत होते, आणि या खेपेला मी तोंड उघडणारच होते.

पण सासूबाई आधी बोलल्या. “माजं नाव लिव. साळूबाई.”

शुभांगीनं लिहिलं. मग पुढची चौकट आली. “नातं काय लिहू, आजी?”

सासूबाईंनी विचार केला. डब्याचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं.

“आता काय सांगू बाई तुला. इतकी वरसं माजा गुडगा ह्यांच्या नावावर हाय. त्यात काय नातं बसंल ते लिव.”

शुभांगीनं क्षणभर पेन हवेत धरलं आणि मग वळणदार अक्षरात, सरळ ओळीत लिहिलं. मी वाकून वाचलं. नातं: गुडघा.

काकांनी बोर्डाकडे बघतच खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसला. तो बराच वेळ पुसला. भिंतीवरच्या घड्याळात सहा दहा झाले होते, म्हणजे खरे सहा वाजून तीन मिनिटं. सासूबाईंनी त्यांच्या दंडाला धरलं, म्हणाल्या, उठा भाऊ, तुमचा नंबर आला, आणि आम्ही तिघं आत गेलो.